डब्यावर नाव कोणाचं टाकू?

"आजची विक्री जितकी जास्त होईल, तितकं मोठं गिफ्ट आपल्या सुनीताताईंना मिळणार आहे!"

हे वाक्य मी पाठ केलं होतं. हात कधी पुढे करायचा, कुठे थांबायचं, कुठे हसायचं, सगळं ट्रेनिंगच्या व्हिडिओत होतं. मी ते रूमवर आरशासमोर करूनही पाहिलं होतं. वाक्य संपलं आणि मी ठरल्याप्रमाणे हसलो. हॉलमध्ये दुसरं कुणीच हसलं नाही.

सतरंजीवर बसलेल्या बायकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सुनीताताईंकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर गुडघे चोळत बसलेल्या गोदाकाकूंनी मग सगळ्यांच्या मनातलं विचारून टाकलं.

"म्हंजे पैसे आमचे, अन् गिफ्ट हिला?"

"काकू, तसं नाही..."

"मग कसं हाय? सांग की. कॉलेजात शिकून राहिलास न्हवं?"

बायका हसल्या. सुनीताताईंचा चेहरा मात्र लाल झाला. त्या उठून चहा टाकायला आत गेल्या आणि चहा येईपर्यंत बाहेरच आल्या नाहीत. त्या दिवशी विक्री झाली एका मसाल्याच्या डब्याची. तोही सुनीताताईंच्या जावेने घेतला, कारण तिला नाही म्हणता येईना.

मी निघालो तेव्हा सुनीताताई दारापर्यंत आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, माझ्या घरी आलेल्या माणसाला मी चहा देते. उद्या गल्लीत म्हणतील, सुनीतानं चहाला बोलवलं अन् गळ्यात डबे मारले, स्वतःच्या गिफ्टसाठी. मला न्हाई पाहिजे तुमचं ते."

मी "सॉरी ताई" म्हणालो आणि डब्यांची बॅग उचलली.

आता थोडं कामाबद्दल सांगतो, कारण मला स्वतःलाही हे काम कळायला वेळ लागला होता. मी नांदेडला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोबत एका डीलरकडे पार्ट टाइम काम करतो. आमचा माल म्हणजे स्टीलचे हवाबंद डबे. ते दुकानात मिळत नाहीत, होम पार्टीत विकले जातात. होम पार्टी म्हणजे कुणा एका ताईंनी शेजारणींना घरी बोलवायचं, आम्ही तिथे डबे मांडायचे, डेमो द्यायचा आणि ऑर्डर घ्यायच्या. बोलावणाऱ्या ताईंना आमच्यात होस्टेस म्हणतात. विक्री वाढावी म्हणून जे फुकट देतात त्याला इन्सेंटिव्ह म्हणतात. आलेल्या बायकांपैकी कुणी "पुढची पार्टी माझ्या घरी" म्हणाली की त्याला बुकिंग म्हणतात. बुकिंग न मिळालेली पार्टी म्हणजे डेड पार्टी. साखळी तिथेच तुटते, आणि पुढचं घर पुन्हा शून्यापासून शोधावं लागतं.

मला खरं तर बॅगा उचलायला ठेवलं होतं. डेमो देणाऱ्या मॅडम बाळंतपणाला माहेरी गेल्या आणि दुसरं कुणी मिळेना, म्हणून मी पुढे झालो. बायकांच्या घोळक्यात मी एकटा मुलगा. पहिल्या दिवसापासून मला एकच प्रश्न असायचा, "पोळ्या येतात का रे तुला?" मी खरं उत्तर द्यायचो. भाकरी येते, पोळी फाटते.

आमच्या डीलर शिवकांता मॅडम लातूरला असतात. तिथे त्यांची पार्ट्यांची साखळी वर्षानुवर्षं चालू आहे. नांदेड त्यांनी नवीन उघडलं होतं, आणि नांदेड चालत नव्हतं. सुनीताताईंकडची पार्टी संपल्यावर मी फोन केला.

"मॅडम, डेड गेली."

"परत?" पलीकडे कॅल्क्युलेटरचा टकटक आवाज आला. "माधव, मी तुला स्पष्ट सांगते रे बाबा. हा महिना बघणार. एका पार्टीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, एवढं तरी झालं पाहिजे. न्हाई झालं तर नांदेड बंद. माल लातूरला आणते. तुला गोदामात काम आहे, येतोस का?"

"मॅडम, माझं कॉलेज इथं आहे."

"तेच म्हणते मी."

रूमचं भाडं आणि मेस मी या कामातून भागवतो. घरून मागायची सोय नाही. बाबा धर्माबादला मिरचीच्या गोदामात हमाली करतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. काम गेलं तर मी गावी परत, आणि गावाहून रोज नांदेडला येऊन वर्गात बसणं जमणारं नाही, हे मला पक्कं माहीत होतं. बाबांना यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की मी डब्यांच्या बॅगा घेऊन फिरतो. "पाठीवर ओझं येऊ नये म्हणून शिकायला धाडलं, अन् तू तिकडं जाऊन ओझंच वाहून राहिलास," असं ते म्हणायचे, आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसता हसता मिरचीच्या शिंका द्यायचे.

पुढचं घर गोदाकाकूंनीच दिलं. मला वाटतं, दया आली असावी. भाजीच्या गाड्यावर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "चल, माझ्याकडं कर तुझी पार्टी. पण ते हात पुढं करून हसतोस ना, ते तेवढं बंद कर. भ्या वाटतं."

मॅडमनी या वेळी योजना बदलली. होस्टेसला काही नाही. जी बाई तीन हजारांच्या वर घेईल तिला पोळ्यांचा हॉटपॉट फुकट. "लातूरला याच्यावर बायका तुटून पडतात," असं त्या म्हणाल्या.

गोदाकाकूंच्या घरी मी योजना सांगितली. या वेळी हसलो नाही. बायकांनी आपापसात काहीतरी कुजबुज केली. ऑर्डर इतक्या भराभर आल्या की माझा पेन पुरेना. मी मनातल्या मनात मॅडमना फोनही लावला होता. मग बिल करायची वेळ आली.

"कोणाच्या नावानं करू?"

"सगळं माझ्या नावानं," गोदाकाकू म्हणाल्या.

"सगळं?"

"आमची भिशी हाय ना. पैसे माझ्याकडंच जमतात. एक बिल कर, हॉटपॉट आण इकडं, आम्ही चिठ्ठ्या टाकतो."

आणि त्यांनी खरंच चिठ्ठ्या टाकल्या. घरातल्या लहान नातीने एक उचलली. हॉटपॉट लागला तो फक्त चहापत्तीचा छोटा डबा घेणाऱ्या बाईला. त्यावर इतका हशा झाला की शेजारच्या घरातून कुणीतरी विचारायला आलं, काय झालं म्हणून. पुढच्या पार्टीचं विचारलं तर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. "आता काय, घेतले ना डबे," असं म्हणून उठल्या.

संध्याकाळी मॅडमचा फोन.

"अरे, एका बाईनं एवढे डबे घेतले? हॉटेल आहे का तिचं?"

"नाही मॅडम, गल्ली आहे."

मॅडमनी परत कॅल्क्युलेटर टकटकवलं. मग म्हणाल्या, "कंपनीच्या हिशोबात ही पार्टीच न्हाई. पार्टी म्हणजे कमीत कमी पाच वेगवेगळी बिलं. माल गेला ते बरं झालं. पण बुकिंग शून्य, ग्राहक एक. हे मी वर काय दाखवू?"

दुसऱ्या दिवशी मी गोदाकाकूंकडे डेमोचा एक डबा राहिला होता तो आणायला गेलो. त्या स्वयंपाकघरात होत्या. "आत ये, मला वर हात पुरत न्हाई," म्हणाल्या. फळीवर त्यांच्या भांड्यांची रांग होती. मी डबा काढायला एक पातेलं बाजूला केलं तर त्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं. दुसऱ्यावरही. प्रत्येक भांड्यावर. कुणाच्या लग्नातलं, कुणाच्या बारशातलं, कुणा मामाने दिलेलं. आमचे नवे डबे मात्र फळीवर नव्हते. ते खाली, पिशवीतच होते.

"काकू, हे वर नाही लावले?"

"कसे लावू? ज्यांनी त्यांनी आपापले न्यायचेत अजून. अन् नेले तरी ओळखायचे कसे? सगळ्यांचे सारखे. मी उद्या चिवडा भरून एखादा शेजारी दिला, तर परत येणारा माझाच असेल कशावरून? बिननावाचा डबा म्हंजे लावारिस. गेला की गेला."

"मग नाव टाकून घ्यायचं."

"बाजारात जायचं, दुकानदार म्हणणार भांडं आमच्याकडून घेतलं का, मग टाकतो. दुसऱ्याच्या भांड्यावर ते टाकत न्हाईत."

मी बाहेर पडलो तेव्हा डेमोचा डबा तिथेच विसरलो होतो. परत जाऊन आणला.

मला ही फार मोठी आयडिया आहे असं त्या वेळी वाटलं नव्हतं. एवढंच वाटलं की हॉटपॉटपेक्षा हे स्वस्त पडेल. मॅडमना फोन केला.

"मॅडम, गिफ्टच्या ऐवजी डब्यावर नाव टाकून दिलं तर?"

"वॉरंटीचं काय? डब्याला ओरखडा पडला की कंपनी बदलून देत न्हाई. नाव टाकणं म्हणजे ओरखडेच की."

"मी ग्राहकाला तसं सांगेन."

"सांगशील? म्हणजे तू फुकट ओरखडे देणार, वर वॉरंटी काढून घेणार, आणि याला इन्सेंटिव्ह म्हणणार?"

"हो मॅडम."

त्या हसल्या की चिडल्या ते फोनवर कळलं नाही. शेवटी म्हणाल्या, "महिना तसाही चाललाच आहे. कर. पण नाव तळाला टाक."

भांडी बाजारात एका दुकानात मी नाव टाकायचं मशीन मागितलं. जाड पेनासारखं असतं ते. वायर लावली की टोक थरथरतं आणि स्टीलवर ठिपके उमटतात. दुकानदारांनी नवीन घेतलं होतं, जुनं मला वापरायला दिलं. "तापतं हं," ते म्हणाले. "चटका लागला की ठेवून द्यायचं, गार होऊ द्यायचं. जबरदस्ती केली तर जळेल." मी दोन दिवस रूमवर जुन्या ताटलीवर सराव केला. रूम पार्टनरने विचारलं, हा कोणता विषय आहे. मी म्हणालो, मार्केटिंग.

ती पार्टीही गोदाकाकूंकडेच झाली. भिशीचा दिवस होता, बायका तशाही जमणार होत्या. मी आधी उभा राहून प्रामाणिकपणे सांगितलं, "ताईंनो, या वेळी गिफ्ट नाही. जो डबा घ्याल त्यावर तुमचं नाव टाकून देणार. पण एक आहे. नाव टाकलं की त्या डब्याची वॉरंटी संपली."

मला वाटलं, इथेच सगळं संपलं.

"आमच्या सासूबाईच्या डब्याला कोणती वॉरंटी होती?" गोदाकाकू म्हणाल्या. "त्या गेल्या. डबा हाय अजून. काढ तुझं मशीन."

मशीन सुरू झालं. टर्रर्र असा आवाज आला आणि मागे बसलेल्या बायकाही पुढे सरकल्या. पहिला नंबर रेणुकाचा होता. नुकतंच लग्न होऊन मागच्या गल्लीत आली होती. सोबत सासूबाई होत्या. मी डबा उलटा केला आणि विचारलं, "नाव कोणाचं टाकू?"

रेणुकाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मी परत विचारलं.

"यांचं," ती म्हणाली.

"यांचं म्हणजे काय नाव?"

सगळ्या हसायला लागल्या. मला आधी कळेना. मग लक्षात आलं, ही नवऱ्याचं नाव नुसतं कसं सांगेल? सासूबाई शेजारी, समोर सगळी गल्ली. एकीने हाक दिली, "अशी न्हाई सुटका. उखाणा घे!" दुसरी म्हणाली, "घेतल्याशिवाय मशीन चालू करू नको रे दादा." मी मशीन खरंच बंद केलं. मला वाटलं, ते नियमात आहे.

रेणुकाने छताकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि म्हणाली,

"डब्यात भरली साखर, झाकण लावलं घट्ट,
आकाशरावांचं नाव घेते, सोडा आता हट्ट."

काय टाळ्या पडल्या! मी आकाश असं कोरायला घेतलं. तेवढ्यात रेणुका म्हणाली, "अजून एक डबा द्या. त्याच्यावर माझंच टाका. नुसतं रेणुका."

सासूबाई लगेच म्हणाल्या, "घर एक, चूल एक, अन् नावं दोन कशाला?"

"आत्या, तुम्ही पण टाका ना तुमचं."

सासूबाई थोडा वेळ डबा हातात घेऊन बसल्या. मग पैसे काढले. "मला बी एक दे. चंद्रकला टाक."

गोदाकाकू खुर्चीवरून जवळजवळ उठल्याच. "अगं बया! तू चंद्रकला हायेस? मी इतकी वर्षं तुला कमळाबाई समजून राहिले!"

"मग हाक कधी मारलीस?"

"बंटीची आजी म्हणते ना मी!"

"तेच सांगून राहिले."

मग गोदाकाकूंचा नंबर आला. त्यांना सगळ्यांच्या नावांची मजा येत होती, पण स्वतःचा नंबर आल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला.

"काकू, नाव?"

"आमच्या घरचे."

"काकू, उखाणा!" बायका ओरडल्या.

"ह्या वयात कुठले उखाणे? लाज हाय का न्हाई. लिही रे तू."

"काय लिहू?"

"सांगितलं ना. आमच्या घरचे."

मी दोनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारायची हिंमत झाली नाही. डब्याच्या तळाला मी सुबक अक्षरात कोरलं, "आमच्या घरचे". काकूंनी चष्मा लावून वाचलं. मला वाटलं, आता डबा डोक्यात बसतो. पण काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि कुणीतरी पाणी आणायला पळालं.

"राहू दे," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "अख्ख्या नांदेडात असा दुसरा न्हाई. हा तरी परत येईल."

मला एक गोष्ट मात्र फार उशिरा लक्षात आली. त्या दिवशी कुणीही एका बिलात डबे घेतले नव्हते. घेणार कसे? चिठ्ठी टाकून हॉटपॉट वाटता येतो, नाव वाटता येत नाही. जिचं नाव तिचा डबा, जिचा डबा तिचं बिल. सगळी बिलं वेगळी झाली होती. मॅडमची पाच बिलांची अट मी पूर्ण केली होती आणि मला ते माहीतही नव्हतं.

तेवढ्यात मशीन तापलं. आधी कोमट होतं, मग हातात धरवेना. दुकानदारांचं बोलणं आठवून मी ते बंद केलं. अजून निम्मे डबे बाकी होते.

"ताई, माफ करा. मशीन गार व्हायला वेळ लागतो. उरलेली नावं उद्या..."

"उद्या गोदाबाईकडं पाव्हणे हायेत," चंद्रकलाकाकू म्हणाल्या. "आमच्याकडं ये. मागच्या गल्लीत. डबे राहू दे, मी नेते."

दुसऱ्या दिवशी मी फक्त मशीन आणि वायर घेऊन गेलो. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कालच्या राहिलेल्या बायका होत्याच, शिवाय मागच्या गल्लीतले कितीतरी अनोळखी चेहरे. "आमच्या घरचे" ही गोष्ट रात्रीतून सगळीकडे गेली होती. एक आजी मला म्हणाल्या, "तोच का रे तू, गोदीच्या नवऱ्याचा डबा करणारा?"

"मला पण पाहिजे असला डबा. दाखव की," दुसरी म्हणाली.

"मी सामान नाही आणलं ताई. मी फक्त नावं टाकायला..."

"मग जा, घेऊन ये. आम्ही कुठं चाललो."

मी जिन्यात जाऊन मॅडमना फोन लावला. "मॅडम, इथल्या गोदामातून डब्यांची बॅग आणू का?"

"आज पार्टी आहे? मला सांगितलं न्हाईस."

"पार्टी नाही मॅडम. राहिलेली नावं टाकायला आलोय."

"किती जणी आहेत?"

"हॉल भरलाय. बाहेर जिन्यात पण दोघी आहेत."

"आणि डबे मागून राहिल्यात?"

"हो."

"माधव," मॅडम फार सावकाश म्हणाल्या, जसं लहान मुलाला सांगतात तसं, "तिलाच पार्टी म्हणतात."

मी ऑटो करून बॅग आणली. त्या दिवशीही मशीन तापलं. त्या दिवशीही नावं राहिली. आणि निघताना जिन्यात मला सुनीताताई भेटल्या. त्या चंद्रकलाकाकूंकडे कशाला आल्या होत्या माहीत नाही. मला बघून त्या थांबल्या. मीही थांबलो. पहिल्या पार्टीनंतर आम्ही समोरासमोर आलो नव्हतो.

"राहिलेली नावं माझ्याकडं टाकतोस का?" त्यांनी विचारलं.

"ताई, चालेल तुम्हाला?"

"गिफ्ट देणार नसशील तर ये."

मी शपथेवर सांगितलं की काहीही देणार नाही. माझ्या सेल्सच्या कामात ग्राहकाला दिलेलं हे सगळ्यात खरं आश्वासन असेल.

एका पार्टीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. महिना संपायच्या आत. सुनीताताईंकडच्या पार्टीला मॅडम स्वतः लातूरहून आल्या. मी घाबरलो होतो, कारण आता तिथे व्हिडिओतलं काहीच होत नव्हतं. ना स्वागताचं भाषण, ना गिफ्टचं टेबल. मी भिंतीला पाठ लावून खाली बसून मशीन चालवत होतो, आणि बायका एकमेकींना नवऱ्याच्या नावावरून छळत होत्या. सुनीताताई सगळ्यांना पोहे देत फिरत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर कसलाही संकोच नव्हता. त्यांच्या घरी आलेली माणसं त्यांच्यामुळे खूश होती, आणि त्यांना स्वतःला काहीही मिळत नव्हतं. मला वाटतं, त्यांना नेमकं हेच हवं होतं.

मॅडम आधी लांबूनच बघत होत्या. मग त्यांनी एक डबा उचलून माझ्यापुढे ठेवला. "चल, माझ्या पण डब्यावर टाक. शिवराज." त्या सरळ बोलून गेल्या.

"आं आं!" गोदाकाकू ओरडल्या. "मॅडम असाल लातूरला. इथं असं चालत न्हाई."

"अहो काकू, मी डीलर आहे."

"मग तर लांबलचक घ्या."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मशीन बंद केलं. आता मला नियम माहीत झाला होता. मॅडमनी साडीचा पदर सारखा केला, घसा साफ केला आणि म्हणाल्या,

"लातूरहून आले मी नांदेडच्या कामाला,
शिवराजअप्पांचं नाव घेते तुमच्या मानाला."

त्यानंतर त्यांना सतरंजीवर बसवून घेण्यात आलं. पोह्यांची दुसरी बशी दिली गेली. तासाभराने निघताना त्या गाडीजवळ थांबल्या.

"नांदेड चालू राहील," त्या म्हणाल्या. "तू कॉलेज कर आणि हे सांभाळ. परीक्षेच्या दिवसांत पार्टी ठेवू नकोस, मला चालणार न्हाई."

माझ्या तोंडून फक्त "हो मॅडम" निघालं.

"आणि ते मशीन फारच जुनं आहे रे. निम्म्या बायका तशाच परत गेल्या. मी तुला नवीन घेऊन देते. मोठं, न तापणारं."

"नको मॅडम!"

मी इतक्या जोरात म्हणालो की ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं.

"का रे?"

"सगळ्यांची नावं एकाच दिवशी झाली, तर पुढच्या घरी बोलावणार कोण?"

मॅडमनी गाडीचं दार उघडलं. मग गाडीत बसल्या आणि काच खाली करून म्हणाल्या, "हे कॉलेजात शिकवतात का?"

"नाही मॅडम. अजून तिथपर्यंत सिलॅबस आलेला नाही."

सिलॅबस आता तिथपर्यंत आलाय. मार्केटिंगच्या पेपरात ग्राहकांना दिल्या जाणाऱ्या इन्सेंटिव्हचे प्रकार विचारतात. सवलत, भेटवस्तू, कूपन, लकी ड्रॉ. मी पुस्तकात आहेत तेच लिहितो, कारण मार्क त्यालाच मिळतात. कामावर मात्र मी नवीन आलेल्या मुलींना वेगळं सांगतो. लातूरच्या बायका हॉटपॉटवर तुटून पडतात म्हणून नांदेडच्या पडतील असं धरून चालू नका. काय फुकट द्यायचं ते आधी घेणाऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बघा. आणि जे द्याल, ते एका दिवसात देऊन संपवू नका.